पाचवं आणि सहावं पोतं

३ मार्च, मंगळवार

लेक आली. गाडी फक्त पुढच्या दोन चाकांच्या जोरावर चालवत आली!

आधी मला काही कळेचना. गाडी गॅरेजच्या दारात, इंजिन चालू, सगळं ठीकठाक. मागचं दार उघडतो तर आत मागच्या चाकांना फिरवणारा लांब शाफ्ट आडवा पडलेला, दवाखान्याच्या चादरीत गुंडाळून. तान्ह्या मुलासारखा!

घाट उतरताना शाफ्टचा गिअरबॉक्सकडचा सांधा, म्हणजे क्रॉस, तुटला. शाफ्टचं पुढचं टोक धाडकन खाली आलं. मागे एक म्हातारी पेशंट झोपवलेली, तिला धड श्वास घेता येत नव्हता. आमच्या डॉक्टरीणबाई गाडीखाली शिरल्या, मागच्या टोकाचे चार बोल्ट सोडले, शाफ्ट काढून आत टाकला, पुढच्या चाकांचा गिअर टाकला आणि चाळीस किलोमीटर खाली आल्या. म्हातारीला मोठ्या दवाखान्यात पोचवलं, ती आता बरी आहे, आणि मग बाई माझ्याकडे आल्या. कोपरापर्यंत ग्रीस!

हे तुला शिकवलं कोणी, म्हणून विचारलं. म्हणाली, "तुम्हीच. मी नववीत होते. तुम्ही दुसऱ्याच कुणाला तरी सांगत होतात, मी पाना धरून उभी होते."

आपण भिंतीशी बोलतो असं वाटतं आणि भिंत सगळं ऐकून ठेवते.

एक गोष्ट मात्र तिला सांगितली नाही. पुढचं टोक सुटून रस्त्यात रुतलं तर गाडी कोलांटी खाते. तिच्या आईला तर मुळीच सांगणार नाही.

गाडी चार इंच उंच मीच केली होती, नोव्हेंबरात. ती घाटावरच्या दवाखान्यात रुजू व्हायला निघाली तेव्हा. वाटेत नदीपात्र आहे, दगड खाली लागू नयेत म्हणून. या माझ्या हातांनी.

गाडीत दोन पोती गोटे सापडली, नदीतले. वर काळ्या शाईने आकडे: ५ आणि ६. जबाबदार बाईच्या गाडीत हा काय कचरा, म्हणून ओरडलो. चिखलात मागची चाकं फिरू नयेत म्हणून ठेवते, म्हणाली. दोन्ही ओढत नेऊन कोपऱ्यात टाकली. कंबर धरली.

रविवारी तिला परत निघायचंय. वर दुसरा डॉक्टर नाही.

४ मार्च, बुधवार

तुटलेला क्रॉस उघडला. आतल्या बेअरिंगच्या बारीक सुयांचा चुरा, लाल गंजासारखा. स्पेअर पार्टवाल्याला फोन करून चार शब्द सुनावले. हलका माल दिलास म्हणालो. त्याने शांतपणे विचारलं, "त्याच खोक्यातले आणखी तीन क्रॉस तुम्ही दुसऱ्यांना बसवलेत, ते तुटले का?" नाही तुटले. फोन ठेवला.

मग लेकीवर घसरलो. क्लच झटक्यात सोडतेस. तीही शांत! हल्ली सगळे माझ्याशी शांतपणेच बोलतात, म्हाताऱ्याशी बोलतात तसे.

थरथर केव्हा होते, विचारलं. रिकामी खाली येताना, भरून वर जाताना नाही, म्हणाली. मध्ये दोन महिने थांबली होती, काल पुन्हा जोरात सुरू झाली. मी म्हटलं, गाडीलाही मालकिणीसारखं घरी यायचं नसेल. ती हसली नाही. मी तरी काय बोलतो कधीकधी!

खरं इथे लिहायला हरकत नाही. हात थोडे कापतात आता. गिऱ्हाईक आधी हातांकडे बघतं, मग घड्याळाकडे, मग म्हणतं उद्या येतो. लेकीची गाडी हे दोन वर्षांतलं माझं एकमेव मोठं काम. त्यातच खोट निघाली तर शटर ओढून घरी बसावं.

५ मार्च, गुरुवार

नवा क्रॉस घातला. रिकाम्या रस्त्यावर नेली. चाळीसला गेल्यावर आरशातलं माझंच तोंड दोन-दोन दिसायला लागलं. इतकी थरथर!

चाकं तपासली, ठीक. बेअरिंग ठीक. गिअरबॉक्सखालची रबरं ठीक. सगळं ठीक, आणि गाडी हिवताप आल्यासारखी कापते.

माझ्यासारखीच.

६ मार्च, शुक्रवार

आज जे पाहिलं ते लिहून ठेवलंच पाहिजे.

सकाळी डोकं चालेना. कोपऱ्यात पडलेला एक जुना शाफ्ट व्हाइसमध्ये धरला. एका टोकाला क्रॉस बराच वाकवून बसवला. हिच्या शिवणाच्या खडूने दोन्हीकडे सारख्या अंतरावर खुणा केल्या आणि हाताने सावकाश फिरवायला लागलो. इकडे एक खूण, तिकडे एक खूण. आणि तिकडची खूण वेळेवर येईना! आधी पुढे पळाली. मग मागे रेंगाळली. मग पुन्हा पुढे, पुन्हा मागे. एका फेऱ्यात दोनदा. मी सारखं फिरवतोय आणि वाकलेला क्रॉस पलीकडे ते सारखं पोचूच देत नाही!

मग दुसऱ्या टोकालाही क्रॉस लावला, तेवढाच वाकवून. फिरवलं. खुणा पटापट जुळल्या. पहिला जेवढा पळतो तेवढंच दुसरा आवरतो. पहिला रेंगाळला की दुसरा ओढून घेतो. दोघंही चुकतात, सतत चुकतात, आणि शेवटी चाक मात्र सरळ फिरतं. फक्त दोघांचा कोन सारखा पाहिजे.

चाळीस वर्षं हे कोन मी जुळवत आलो. उस्तादांनी सांगितलं होतं, दोन्ही कोन सारखे ठेव. का, ते मी कधी विचारलंच नाही. आज एकसष्टाव्या वर्षी खडूच्या खुणा बघत अर्धा तास उभा होतो. अंगावर काटा आला. रस्त्यावरून एवढे ट्रक जातात, प्रत्येकाच्या पोटाखाली हे चाललेलं असतं!

म्हणजे लेकीच्या गाडीत हे कोन जुळत नाहीत. पण मी तर जुळवले होते! स्प्रिंगच्या पाट्यांखाली पाचरी घालून, ओळंबा लावून, तीनदा मोजून.

ही डबा घेऊन आली. माझ्या शर्टाचं बटण तुटलेलं बघून तिथेच स्टुलावर बसली. जाड निळा दोरा, शेवटी तिची ती दुहेरी गाठ. तेहतीस वर्षं माझी बटणं याच दोऱ्यावर टिकलीत. मी आपला तणतणत होतो, तीनदा मोजलं, तीनदा! ही सगळ्या गल्लीचे कपडे शिवते, तिला मापाचं काय सांगणार मी. तिने सगळं ऐकून घेतलं. दोरा दाताने तोडला.

"माप घेतलंत तेव्हा गाडीच्या अंगावर काय होतं?"

मी म्हटलं, गाडीच्या अंगावर काय असणार?

"परवा एक बाई जाड स्वेटर घालून माप द्यायला आली. मी म्हटलं, आधी तो काढा. स्वेटरवरून माप घेतलं की नंतर कपडा अंगावर लोंबतो."

लेकीचं सामान! लोखंडी पलंग, तपासणीचं टेबल, औषधांची खोकी, पुस्तकं. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं म्हणून आदल्या संध्याकाळी सगळं भरून ठेवलं होतं. आणि त्या भरल्या गाडीत, मागून खाली दबलेल्या गाडीत, मी कोन मोजले! सामान पुन्हा उतरवायचा कंटाळा. म्हणून भरून जाताना गाडी शहाणी आणि रिकामी झाली की वेडी.

त्या सामानाचा हिशेब मांडला: दोनशे चाळीस किलो. शेजारच्या भंगारवाल्याकडून काट्यावर तेवढंच लोखंड तोलून घेतलं आणि गाडीत भरलं. रस्त्यावर नेली. चाळीस. पन्नास. साठ. लोण्यासारखी!

घरी येऊन हिच्याकडे नुसता बघत बसलो. क्रॉस म्हणजे काय हे तिला ठाऊक नाही, आणि एका प्रश्नात काट्याचा नायटा होता होता वाचवला. काय बाई आहे!

जेवताना लेकीला सांगून टाकलं. चूक माझी. पार्टवाल्याची नाही, तुझ्या क्लचचीही नाही. ती म्हणाली, "सापडली ना बाबा. झालं तर मग." आणि मला आणखी भात वाढला.

७ मार्च, शनिवार

पाचरी नव्याने घासल्या. रिकामी असो की भरलेली, कोन फार हलणार नाही असा मधला मुक्काम काढला. मोजलं, या वेळी रिकामी उभी करून. मग भरून. मग अर्धी भरून. भंगारवाला वैतागला, सकाळपासून तेच लोखंड चढवतोय-उतरवतोय. पण शेवटच्या फेरीला स्वतःहून शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, कमाल आहे.

काम करताना हात कापले नाहीत. की कापत होते आणि माझं लक्ष नव्हतं?

पार्टवाल्याला फोन करून चूक कबूल केली. त्याने पुन्हा शांतपणे ऐकून घेतलं.

८ मार्च, रविवार

लेक गेली. निघताना म्हटलं, तुझी ती पोती घेऊन जा, नाहीतर चिखलात बसशील रडत. "राहू दे बाबा. आता नाही लागणार." म्हटलं, एवढ्यात चिखलाची भीती गेली वाटतं!

दुपारी फोन आला. पोचली. वरून रिकाम्या गाडीत एक फेरी मुद्दाम मारून बघितली म्हणे. थरथर नाही.

सुखाने झोपणार आज.

९ मार्च, सोमवार

भंगारवाला म्हणाला, दगड हलवा, वाट अडते. गंमत म्हणून पोती त्याच्या काट्यावर ठेवली. पाचवं चाळीस किलो. सहावंही चाळीस, एक गोटाही कमी-जास्त नाही.

मग पहिली चार कुठे गेली? म्हातारीला आडवं झोपवायला जागा हवी होती. उतरवली असणार. म्हणूनच त्या दिवशी थरथर परत आली.

सहा चोक चोवीस. दोनशे चाळीस किलो!

दोन महिने पोरगी नदीतले गोटे भरून घाट उतरत होती, मला कळू नये म्हणून. वेडी! जीव गेला असता! आधी भयंकर संताप आला. मग तिथेच पोत्यावर बसून राहिलो.

पोत्याचं तोंड शिवलेलं होतं. जाड निळा दोरा. शेवटी दुहेरी गाठ. ही जानेवारीत आठ दिवस लेकीकडे राहून आली होती.

संध्याकाळी तो दोरा उसवून हिच्या ताटाशेजारी ठेवला. तिने बघितलं, जेवत राहिली. मग म्हणाली,

"ती गाडी करत होतात तेव्हा पंधरा दिवस शिट्टी वाजवत होतात तुम्ही. कोणी सांगायचं?"