पन्नास फुटी की पंचवीस

प्रिय नॉर्बर्ट,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, त्याबद्दल आधी आभार. पत्ता रोझानच्या नाताळच्या कार्डावरून घेतला. तुझी लेक दरवर्षी न चुकता कार्ड पाठवते, आणि त्यावर तुझी सही नसते. चार वर्षं झाली आपण बोललो नाही. तू डुलुथ सोडून ॲरिझोनात तिच्याजवळ राहायला गेलास, तेही मला टपालवाल्याकडून कळलं. असो. काम एवढंच आहे, की मी पुन्हा घरी बिअर करायची म्हणतोय आणि त्यासाठी तांब्याचं वेटोळं घ्यायचंय. कुठलं घ्यावं ते काही केल्या ठरत नाही, आणि या बाबतीत विचारावं असा माणूस मला एकच माहीत आहे.

आपलं नेहमीचं दुकान आता लोर्ना नावाच्या बाईनं घेतलंय. ती मला ओळखत नाही. मी वेटोळं दाखवा म्हटल्यावर तिनं मला नवशिका समजून शिकवणीच घेतली. "हे बघा, उकळलेला माल्टचा काढा झटपट निवायला हवा. रेंगाळला, की यीस्ट टाकायच्या आधीच भलतेसलते जंतू त्यात जेवायला बसतात. म्हणून हे वेटोळं भांड्यात सोडायचं आणि त्याच्यातून नळाचं गार पाणी फिरवायचं. पाणी नळीच्या आत, काढा बाहेर. दोघांची भेट होता कामा नये!" एकोणीस वर्षं हेच केलेल्या माणसानं मुकाट्यानं ऐकून घेतलं. तू असतास तर मागून मला कोपर मारलं असतंस. मग तिनं दोन वेटोळी काढून समोर ठेवली. पंचवीस फुटी पाच गॅलनला भरपूर झालं, आपल्या तलावाचं पाणी असतंच बर्फासारखं; पण दहा गॅलन करायची तर पन्नास फुटीच हवं. "कितीजण आहात तुम्ही?" तिनं विचारलं. मी म्हटलं, बघून सांगतो. यात बघायचं काय असतं, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. मी बाहेर येऊन बराच वेळ गाडीत नुसता बसून राहिलो.

तुझ्याकडे म्हणे नळाला पाणी येत नाही, चहाच येतो. तिथे पन्नास फूट काय, शंभर फूटही हात टेकतील. तिकडे तू बिअर करतोस का रे? की लेकीच्या अंगणात लिंबू सरबत पीत सावलीला बसतोस? मी तर चार वर्षं दुकानातले डबे आणून पितोय. एक डबा उघडतो, अर्धा पितो, अर्धा मोरीत ओततो. घरात बोलणारा फक्त रेडिओ. गॅरेजमधली तुझी तीन पायांची स्टुलं तशीच आहेत. एकावर मी बसतो, दुसऱ्यावर पाहुणा म्हणून रंगाचा डबा.

आपलं जुनं वेटोळं आपण दोघांनी वळलं होतं, आठवतंय? पन्नास फूट नळी गोल पिंपाला गुंडाळायची होती. तू गणिताचा मास्तर, पुस्तक वाचून आलेला. "आर्विड, आधी नळीत मीठ ठासून भर, मग वाकव, म्हणजे चेमटणार नाही. नंतर पाण्यानं धुतलं की झालं." मी म्हटलं, "लोणचं घालायचंय का आपल्याला?" तीस वर्षं गोदीत जहाजं जोडलेल्या वेल्डरला मास्तरानं नळी वाकवायला शिकवावी, हे मला कुठलं खपायला! तिसऱ्या वेढ्याला नळी चेमटलीच. मी पकडीनं ती गोल करून घेतली आणि कुणाच्या बापाला कळणार नाही म्हणून हसलो. तू चष्मा वर करून त्या जागेकडे पाहिलंस आणि काही बोलला नाहीस. तुझा तो स्वभावच. वर्गात चाळीस पोरांवर ओरडणारा माणूस माझ्यापुढे मात्र गप्प बसायचा.

आणि पहिली बादली! वेटोळ्यातून फिरून येणारं पहिलं पाणी चांगलं कढत असायचं. ते वाया घालवणं तुझ्या जिवावर यायचं. त्यात अंगणातल्या बर्फाची दोन फावडी टाकायची, बूट-मोजे काढायचे आणि एकाच बादलीत दोघांनी पाय सोडून बसायचं. बाहेर उणे वीस, आणि आपण दोन म्हातारे राजासारखे. तेवढं सुख मला नंतर कशात मिळालं नाही. हे तेव्हा तुला सांगायला हवं होतं.

रोझानच्या लग्नाविषयी लिहायचं टाळत होतो, पण ते टाळून हे पत्र पुढे जायचं नाही. दहा गॅलन बिअर तू तिच्यासाठी हौसेनं ठरवली होतीस, दोन महिने आधी. हॉलमध्ये पहिले पेले भरले आणि लोकांनी एक घोट घेऊन ते हळूच टेबलावर ठेवले. आंबूस, पाणचट, ओल्या पुठ्ठ्यासारखी. नळाचं पाणी काढ्यात गेलं होतं, हे मला वासावरूनच कळलं. कुणी तरी म्हणालं, "काय रे आर्विड, हीच का तुमची एवढी नावाजलेली?" आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "वेटोळ्याला जोडलेल्या रबरी नळीच्या क्लिपा आवळायचं काम याचं होतं. मास्तर माणूस, खडू धरणाऱ्या हातात जोर कुठून येणार!" सगळे हसले. तू नव्या सुटात, छातीला फूल लावून उभा होतास. तूही थोडा हसलास. मग जाकीट काढलंस आणि एकटाच जाऊन ती दोन्ही पिंपं मोरीत ओतलीस. मी मदतीलाही उठलो नाही. त्यानंतर तू माझ्या गॅरेजमध्ये आला नाहीस, आणि मीही तुझं दार वाजवलं नाही. चूक तुझी होती ना, मग मी कशाला जाऊ, असं म्हणत राहिलो.

तर परवा वेटोळी बघून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात गेलो. जुनं घरी खिळ्याला टांगलेलं आहे असं बोलून गेलो, तेव्हा लोर्ना म्हणाली, "जुनं आहे ना घरी? टाकायच्या आधी बघा तरी. एक तोंड बंद करा, दुसऱ्यातून फुंका आणि बादलीत बुडवा." खिळ्यावरून वेटोळं काढलं. आधी क्लिपा तपासल्या. खरं सांगतो, एखादी तरी ढिली निघावी असं मला मनापासून वाटत होतं. नॉर्बर्ट, त्या क्लिपा तू इतक्या घट्ट आवळल्या होत्यास, की माझ्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक वाकलं. मग वेटोळं बुडवलं आणि फुंकलं. बुडबुडे तिसऱ्या वेढ्यातून आले. जिथे मी नळी चेमटवून पकडीनं गोल केली होती ना, बरोबर तिथूनच. वर्षानुवर्षं तापत-निवत तिथे केसाएवढी भेग पडली होती. मी बादलीशेजारी गुडघ्यांवर तसाच बसलो आणि पुन्हा पुन्हा फुंकत राहिलो. रडलो म्हण हवं तर. तुला मी सर्वांसमोर दोष दिला होता, म्हणून गुरुवारी वेटोळं आणि बादली घेऊन आपल्या क्लबात गेलो. लग्नाला आलेली बरीचशी मंडळी तिथे होती. सगळ्यांसमोर फुंकलं, बुडबुडे दाखवले, नळी कुणी चेमटवली ते सांगितलं. कुणी हसलं नाही. फक्त हॅरल्ड म्हणाला, "अरे, एक फुंकर मारायला तुला चार वर्षं लागली होय?" रोझानलाही आजच वेगळं पत्र टाकतोय. तू क्षमा करावीस असं म्हणायला मला तोंड नाही, पण ती मागितल्यावाचून मला राहवत नाही. लोर्नानं दोन्ही वेटोळी माझ्यासाठी बाजूला ठेवली आहेत. पाणी थंड आहे तोवर, म्हणजे मे उजाडेपर्यंत, मी थांबेन. तू काही लिहिलं नाहीस, तर पंचवीस फुटी आणेन आणि समजून घेईन. पण यायचं मनात असेल, तर कार्डावर नुसता पन्नासचा आकडा लिही. रंगाचा डबा मी स्टुलावरून खाली उतरवून ठेवला आहे.

अजून मला आपला म्हणत असशील तर,
तुझाच,
आर्विड