कोमलचा हात, माझा टेस्टर

४ ऑगस्ट, अमरावती
मी बनवलेला टेस्टर चालला! वायर टीव्हीच्या किंवा लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टात खोचायची, आतला नॅनो नावाचा छोटा बोर्ड एकेक पिन तपासतो. हिरवा दिवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे गेली. आता नुसत्या अंदाजावर कुणाचा अख्खा बोर्ड बदलायला नको. आमच्या दुरुस्तीच्या दुकानाचे मालक, भाऊ, त्यांनी पेढे मागवले. माझी रूममेट कोमल, पोर्टचं सोल्डरिंग तीच करते, म्हणाली, “आता माह्या कामावर तुही सही लागन. लय भाव खाशील तू!”
बाबांना फोन. अकोल्याच्या मंडईत कोथिंबीर विकता विकता शेजारच्याला सांगत होते, “माही पोरगी मशीन बनवते.”

१९ ऑगस्ट
अकोल्याच्या गिऱ्हाइकाचा टीव्ही परत आला. मूर्तिजापूरचा लॅपटॉपही. पोर्ट नवे, तरी चित्र नाही. भाऊ कोमलवर तडकले, “इथून गेला तवा दिवा हिरवा होता. तुहं सोल्डरिंगच कच्चं, घरी जाऊन सुटते.”
ती माझ्याकडे पाहत राहिली. मी म्हणाले, मशीन तर बरोबर आहे.

२३ ऑगस्ट
शंका म्हणून स्वतःचा लॅपटॉप लावला. हिरवा. पुन्हा लावला. हिरवा. संध्याकाळी त्याच पोर्टातून चित्र येईना.
नॅनो पाच व्होल्ट देतो. पोर्टाच्या डेटा लायनींना तेवढे सोसत नाहीत. मध्ये वीज रोखून धरणारे रेझिस्टर टाकायचे होते, ‘नंतर टाकू’ म्हणून राहिले. म्हणजे तपासतानाच मी पोर्टामागची चिप भाजत होते. दिवा हिरवा, चिप मरायला टेकलेली.
कोमलच्या हातात काही खोट नाही.

२५ ऑगस्ट
सकाळी लवकर जाऊन रेझिस्टर टाकले. मग सांगणारच होते. पण भाऊंनी आल्या आल्या कोमलला काउंटरवर बसवलं, सोल्डरिंगला दुसरा माणूस आणला. गिऱ्हाईक होतं समोर. म्हटलं, नंतर सांगू.

८ सप्टेंबर
एकही सेट परत नाही. भाऊ सगळ्यांसमोर, “पाह्यलं? हात बदलला, तक्रार बंद. दिवाळीनंतर कोमलनं दुसरीकडं काम पाहावं.”
हे मला सुचलंच नव्हतं. गुपचूप दुरुस्ती केली, आणि तीच तिच्याविरुद्ध पुरावा झाली. कॉलेजात ‘प्रामाणिक तंत्रज्ञान’ यावर भाषण ठोकलं होतं मी. बक्षीसही घेतलं.

१४ सप्टेंबर, रविवार, खोलीवर
कोमल भंगारातला बोर्ड घेऊन सकाळपासून पोर्ट काढते, पुन्हा लावते.
“माहा हात थरथरून राहिला काय व? तू शिकेल आहेस, पाहून सांग. खरं सांगजो.”
“नाही थरथरत.”
“मंग काहून वापस येत होते सारे सेट?”
म्हटलं, कोमल, बस जरा. ती बसली.
“बोल.”
तोंडून निघालं, आधी जेवून घे.
ती जेवतेय. मी कोपऱ्यात हे लिहितेय. भाकर संपली, आता भात घेतलाय तिने. थोडाच घेतलाय.