पुलावरचा शेवटचा मंत्र

गुरुजी, सकाळपासून माझं कशातच लक्ष नाही. चहा समोर ठेवून गार केला, पेपर उलटा धरला. कारण ऐकलंत तर हसाल. दुपारी नात येणार आहे, आणि त्याआधी मला ठरवायचं आहे की हातातला शेवटचा मंत्र टाकायचा की राखायचा.

नात आणि तिचा कॉलेजातला मित्र रविवारी आमच्या सांगलीच्या घरी जेवणाच्या टेबलावर एक खेळ मांडतात. मित्र गोष्ट सांगतो, आपण त्या गोष्टीत शिरून काय करणार ते बोलायचं, आणि जमलं की फसलं हे फासा ठरवतो. नात तलवार चालवते, मी मांत्रिक. मांत्रिकाला दिवसाला तीनच मंत्र. गोष्टीतली रात्र झोपून काढली की ते परत मिळतात, तोवर नुसतं बघत बसायचं. पहिल्याच रविवारी मी घाबरून तळघरातल्या उंदरांवर आगीचा मंत्र टाकला. मित्र कराडकडचा, खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला. "आवं आबा, उंदरावर तोफ डागली की वो तुमी! आता राक्षस आल्यावर काय, नमस्कार करनार?" तेव्हापासून मी मंत्रांच्या बाबतीत भलताच चिक्कू झालो आहे.

गेल्या रविवारी राक्षसानं नातीला पुलावर गाठलं. ती जखमी, आणखी एक घाव बसला की गोष्टीतून गेली. पलीकडे बुरुजाचं बंद दार, आत काय आहे कुणालाच माहीत नाही. माझ्याकडे एकच मंत्र. "आबा, माझ्यावर नका घालवू. आतल्यासाठी ठेवा," ती म्हणाली. मित्र म्हणाला, "बोला आबा, तुमची पाळी हाय." मी फासा नुसता तळहातावर घोळवत बसलो. मग त्याची एसटी सुटायची वेळ झाली आणि डाव तिथंच थांबला. आजचा शेवटचा. उद्या ती नोकरीला पुण्याला निघते. खेळच तो, कळतं मला. पण आठवडाभर पोरगी त्या पुलावर उभी आहे आणि मी काही बोलत नाही.

अशा वेळी तुमचा शनिवारचा शेवटचा तास आठवतो. साताऱ्याची शाळा, खिडकीतून दिसणारा किल्ला, वर्गाच्या दोन फळ्या आणि कवितांच्या भेंड्या. एकदा म्हटलेली कविता त्या दिवशी पुन्हा चालणार नाही, हा तुमचा नियम. आमच्यावर 'ठ' येतो. ठिणगीनं सुरू होणाऱ्या दोन ओळी मला येतात, वर्गात दुसऱ्या कुणालाच येत नाहीत. इतक्यात कशाला खर्चायच्या, शेवटी अडलं की काढू, म्हणून मी गप्प. तुम्ही टेबलावर डस्टर आपटत मोजता, भेंडी आमच्यावर चढते, आणि तेवढ्यात तुम्हाला माझे हलणारे ओठ दिसतात. "येत होती ना रे? मग? कविता म्हणजे काय लोणचं आहे, बरणीत मुरत ठेवायला?" सगळा वर्ग हसला. मी मनात म्हटलं, पुढच्या वेळी 'ठ' येऊ दे, दाखवतो. माझ्यावर तो पुन्हा आलाच नाही. तुमची बदली झाली, आणि काही वर्षांनी कुणीतरी सांगितलं की तुम्ही गेलात.

मंत्र टाकताना काहीतरी म्हणावं लागतं, नुसतं "आग" म्हणून भागत नाही, असं मित्राचं म्हणणं. तेव्हा मी ठरवलंय, गुरुजी. पुलावरच टाकणार. त्याच ठिणगीच्या दोन ओळी म्हणून. दारामागं जे असेल त्याच्यासमोर आम्ही दोघं रिकाम्या हातानं उभे राहू, पण उभे राहू तरी.

फाटक वाजलं. जिन्यात तिचा आवाज येतोय. हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे लिहायला बसतानाच माहीत होतं. लिहीत गेलो ते एका आशेनं, की लिहिता लिहिता आठवेल. पहिली ओळ स्वच्छ पाठ आहे, गुरुजी. दुसरी काही केल्या आठवत नाही.