पाताळगडाला राक्षस पाहिजे

उंब्रज,
फाल्गुन वद्य तृतीया, १९७४

तीर्थस्वरूप दाजी लालासाहेब यांच्या चरणी धाकटा मेव्हणा आकाराम याचा दंडवत.

तुमच्या लग्नातली बाशिंगं, तुमच्या न्हाणीतला बंब (तो गळतो असं अक्का म्हणते, तो गळत नाही, जादा झालेलं पाणी सोडतो), मारुतीच्या देवळातली दानपेटी, आमच्या शकुंतलेचा पाळणा आणि गेल्या जत्रेतला 'सोनकोट' हा खेळ, एवढं मी कुणाच्या हाताखाली न शिकता या दोन हातांनी केलेलं आहे, हे तुम्ही जाणताच. तुमची तब्येत कशी आहे? गुडघे पुरते वाकतात का? आवाज पूर्वीसारखाच दणदणीत आहे ना? सविस्तर कळवावं.

सोनकोट तुम्ही पाहिला नाहीत म्हणून सांगतो. देवळापुढच्या मैदानात फक्कीनं घरं आखायची, सुपात कवड्या टाकायच्या आणि सोंगट्यांच्या जागी माणसांनीच उभं राहायचं, कुणी राजा, कुणी मांत्रिक, कुणी वैद्य, कुणी चोर. ज्यानं जे सोंग घेतलं त्यानं त्या अकलेनं वागायचं. शेवटच्या दारात राक्षस. त्याला हरवल्याशिवाय किंवा बोलून वळवल्याशिवाय आत जाता येत नाही. यंदा त्याच्या पुढचा 'पाताळगड' येणार, अशी पाटी मी दिवाळीतच बाळासोच्या हॉटेलावर लावली, आणि तेव्हापासून तिथं उसाच्या भावाचं कुणी नाव काढलेलं नाही.

निम्मं गाव म्हणतं, पाताळगड सोनकोटाच्या वरताण होणार. निम्मं म्हणतं, सोनकोटाची सर येणार नाही. पाहिलेलं दोघांनीही काही नाही. बिराप्पा मेंढक्यानं तर मला भर रस्त्यात अडवलं. मांत्रिकानं माणसाचा बोकड केला तर त्या माणसाचा डाव राहतो का जातो, असा त्याचा सवाल. मी म्हटलं, जातो. "मग बोकड झाल्यावर माणसानं करायचं काय?" म्हणाला. मी म्हटलं, चरायचं. यावर हॉटेलात दोन तट पडले असून ते वेगवेगळ्या बाकड्यांवर चहा पितात. कृष्णात शिंपी मात्र पहिल्या दिवसापासून सांगतोय की खेळ वेळेत होणार नाही, आणि त्याची खात्री करायला रोज माझ्या दारात येऊन बसतो, त्यामुळं खरोखरच उशीर होतो.

खरी अडचण राक्षसाची आहे. गेल्या वर्षी सयाजी हवालदार राक्षस झाला होता. सोंगाच्या मुंडक्याचा जबडा मी सायकलच्या ब्रेकच्या तारेवर बसवला होता. तार ऐन वेळी अडकली (तार बाजारची होती, मुंडकं माझं होतं, हा फरक लोक करत नाहीत) आणि जबडा मिटला तो मिटलाच. राक्षसाला बोलता येईना, म्हणून दार उघडेना. राजे, चोर, सगळे दिवेलागणीपर्यंत ताटकळले. आम्ही सयाजीला पपईच्या देठातून चहा पाजला. आता तेच लोक म्हणतात, तसा राक्षस परत होणे नाही.

पण आमच्या गावाची रीत तुम्हाला ठाऊक आहे. जत्रेतलं सोंग माणसाला पुढच्या जत्रेपर्यंत चिकटतं. राजाला राजा म्हणायचं लोक दोन दिवसांत विसरतात, राक्षसाला विसरत नाहीत. सयाजीच्या मुलीला बघायला मेढ्याहून पाहुणे आले. स्टँडवर उतरून सयाजीराव हवालदारांचं घर विचारू लागले, तर कुणाला उमगेना. शेवटी भाजीवाली बनुबाई म्हणाली, "आवं, राक्षसाचं घर म्हना की. त्ये काय, पिंपळाच्या म्होरं." पाहुणे आल्या एस्टीनं परत गेले. यंदा मी ते जुनंच मुंडकं घेऊन त्याच्याकडे गेलो, तर चहासुद्धा विचारला नाही. म्हणाला, "आकाराम, लडाखला मी मागं हटलो न्हाई. हितं हटतो."

राजा व्हायला गल्लीगल्लीत माणसं तयार आहेत. राक्षसाला एक नाही. आणि राक्षस नसला तर पाताळगड म्हणजे नुसती फक्की मारलेली पडीक जमीन. मग चिकटायचं ते नाव मला चिकटेल, आणि कृष्णात ते शोधून तयार ठेवूनच बसलाय. असो. थोरांना दंडवत, धाकट्यांना पापे, आणि बंबाला हात लावू नये, मी आल्यावर बघीन.

आपला,
आकाराम

ता. क. राक्षस तुम्ही व्हावं. तुम्ही गावचे जावई, मानाचं सोंग जावयालाच शोभतं. नाव चिकटलं तरी इथं चिकटेल, तुम्ही राहणार सांगलीत. अक्काला इथं पोचल्यावर सांगू.

ता. क. २. मापाची काळजी नको. तुमच्या बाशिंगाचं माप मी जपून ठेवलं होतं. मुंडकं त्यावरूनच दिवाळीत कोरून घेतलं आहे, पांगाऱ्याचं, अगदी हलकं. जबड्याला यंदा तार नाही, सुतळी आहे. पपईचा देठ तरी काढून ठेवतो.

ता. क. ३. कृष्णाताकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. पंचांनी राक्षस व्हायला आधी मलाच विचारलं होतं. आमच्या शकुंतलेचं अजून जमायचं आहे, म्हणून मी नको म्हटलं. भरजरी फेटा, नारळ आणि रोख एकशे एक रुपये देत होते.