नुसतं साल

आई, परवा तुझ्या नातीनं एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलायचंय. ती पुण्यात कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिते. सुट्टीला आली तरी लॅपटॉप मांडीवर. काय चाललंय म्हटलं, तर म्हणे तारखांची तुलना. बाकीचे प्रोग्रॅमवाले उचलून आपल्या कामात वापरतील असा एक तयार तुकडा ती बनवतेय. एकाची पुरी जन्मतारीख माहीत आहे, दुसऱ्याचं नुसतं साल, आणि साल दोघांचं एकच. मग थोरलं कोण? मी म्हटलं, घाल एक जून आणि हो मोकळी, शाळेत मास्तर तेच करायचे. ती म्हणाली, "नाही मम्मी, तिथंच चुकतं. माहीत नसलं तर 'सांगता येत नाही' एवढंच म्हणायचं. मनानं तारीख घालायची नाही."

मेथी निवडता निवडता मला तुझं कार्ड आठवलं.

काष्टीला बाजाराच्या दिवशी तुला आधार कार्ड काढायला नेलं होतं. जन्मतारीख विचारली तर तू सांगतेस, हुरड्याच्या दिवसांत, भावाच्या आधी. मागं ही रांग. मशीनवरचा माणूस भला, म्हणाला, नुसतं साल टाकलं तरी चालतं मावशी. मीच म्हटलं, अर्धवट कशाला, एक जून टाका. कार्ड आलं, आणि मार्चमध्ये जन्मलेला मामा तुझ्यापेक्षा थोरला झाला. त्यानं चेष्टा केली, "आक्के, आता तूच माझ्या पाया पड." सगळे हसले, मीपण. तू म्हणालीस, "ह्याला म्या कडंवर वागवलाय, अन् आता ह्यो थोरला व्हय?" मी तुझ्यावरच खेकसले, स्वतःची तारीख ठाऊक नाही अन् कागदाला नावं ठेवतेस. त्या भाऊबीजेला मामा पाया पडायला वाकला, तर तू पाय मागं घेतलेस. पुढं शेवटपर्यंत घेत राहिलीस.

बोल मात्र त्या मशीनवाल्याला लावायचीस आणि मी ऐकून घ्यायचे. त्याची काही चूक नव्हती गं. सालसुद्धा मीच सांगितलं होतं. तू किती वर्षांनी थोरली ते विचारून मोजायला मला दम नव्हता. मामाचं कार्ड आधीच काढलेलं, त्याचंच साल तोंडात होतं, ते दिलं ठोकून.

ही चिठ्ठी कुठं पाठवायची नाही. लेकीला दाखवावी म्हटलं होतं. नाही दाखवली.