ओ किती घालायचे?

३ फेब्रुवारी

लग्न नवं होतं तेव्हा मी ह्यांना आमच्या बोर्डिंगातल्या खुणा शिकवल्या होत्या. तिथे जेवताना बोलायची बंदी. टेबलावर चमच्याने टकटक म्हणजे मीठ दे. कप उपडा म्हणजे पुरे, मी उठते. मामंजींसमोर आम्ही दोघं तसंच बोलायचो. एकदा ते म्हणाले, "सूनबाईंच्या चमच्याला वाचा फुटली वाटतं!" हे हसता हसता ठसकले होते.

आज जेवताना ते आठवलं. झटका आल्यापासून ह्यांचे शब्द गेलेत, नुसते उद्गार उरलेत. वाचा शिकवायला येणारी मुलगी म्हणते, "काकू, तोंडून जे निघेल ते लिहून ठेवा. जसंच्या तसं. पण इंग्रजी अक्षरांत हं, मला मराठी वाचता येत नाही." मान हलवण्यावर जाऊ नका, हेही बजावलंय. "काका, तुमचं नाव टेबल का?" तिने विचारलं, तर ह्यांनी मान डोलावली!

५ फेब्रुवारी

पेला सांडला. हे म्हणाले, "ऊऽप्स!" मुंबईच्या काय, लंडनच्या थाटात! हे लिहायचं कसं? बोर्डिंगातल्या सिस्टर म्हणायच्या, असले शब्द तोंडात येतात, वहीत येत नाहीत. नातीला फोन केला.

"आजी, ओ-ओ-पी-एस."

"पण हे लांबवतात गं. ओ किती घालायचे?"

"जितकं वाईट वाटलं तितके!"

खूप हसले. मग मोरीत जाऊन रडले.

८ फेब्रुवारी

सर्जनने आज स्पष्टच सांगितलं. डोक्यातली एक रक्तवाहिनी फुगलीय. ऑपरेशन केलं तर जगतील बहुधा, पण उरलेसुरले आवाजही जातील, अंथरूण सुटणार नाही. नाही केलं, तर ती कधीही फुटेल. "त्यांना सगळं कळतंय," म्हणाले. "त्यांचीच इच्छा विचारा."

विचारा! कोणत्या तोंडाने?

९ फेब्रुवारी

विचारलं. हात धरून, सावकाश, सगळं सांगून.

"अं-हं," म्हणाले.

हो की नाही? पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, पण सूर वेगळा. कागदावर यू-एच लिहिलं, पुढे एच घातला, खोडला. मधे रेघ मारली, खोडली. इंग्रजीत तो एच असला की हो, नसला की नाही. माझ्या एका एचवर ह्यांचा जीव!

वाचा शिकवणाऱ्या मुलीने कागद वाचला. "हे हो दिसतंय, काकू. पण नक्की नाही सांगता येत."

थोरल्या लेकाने फोनवर 'हो' तेवढंच ऐकलं. "आई, बाबा हो म्हणाले ना? मग आता घोळ घालू नकोस. मी तारीख घेतो."

१० फेब्रुवारी

घरभर त्यांच्या मागे फिरते. काही बोलले की कागद घेऊन धावते. गप्प बसले तरी.

११ फेब्रुवारी

थोरला आला. चहा घेताना समजावत होता, "बाबा, परवा दवाखान्यात जायचंय. ऑपरेशन. ठीक?" ह्यांनी मान डोलावली. थोरला माझ्याकडे बघून म्हणाला, "बघ!"

मग ह्यांनी डाव्या हाताने कप उचलला. अर्धा चहा होता आत. माझ्याकडे बघत बशीत उपडा केला.

"ऊप्स," थोरला म्हणाला आणि फडकं आणायला उठला.

हे ऊप्स म्हणाले नाहीत.

मी म्हटलं, "बस रे. सांडला नाहीये तो." आणि त्याला सगळं सांगितलं, मामंजींच्या टेबलापासून. तो रागावला. "कपावरून ठरवायचं?" मग बापाने तोच कप सुलटा केला, पुन्हा उपडा केला. थोरला लहान मुलासारखा रडला. मला रडू येईना, इतकी भीती वाटत होती.

१२ फेब्रुवारी

ऑपरेशन नको, असं सर्जनला कळवलं. ह्यांचा श्वास ऐकत बसते. दुसरं काही सुचत नाही.

१७ फेब्रुवारी

सकाळी गेले. चहाच्या आधी.

कोणती वस्तू कोणाला, हे परवा ह्यांनी बोटाने दाखवून ठरवलं होतं, तसंच करायचं. रेडिओ न्हाव्याला, दाढी करताना दोघं त्याच्यावरूनच भांडायचे. छत्री शेजारच्या मास्तरांना, ती मुळात त्यांचीच. घड्याळ थोरल्याला. उद्गारांचे कागद नातीला, ओ तिने हवे तितके घालावेत.

कप मला. सुलटा ठेवणार.