निनाद-दोन की निनाद-तीन

खोपट, ठाणे
१८ नोव्हेंबर २०२५

ती. महिपतदादास,

प्रफुल्लचा नमस्कार. इकडे सगळं ठीक, कलावतीचा गुडघा सोडून. वहिनी कशा आहेत? तू फोन उचलत नाहीस, व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक करून ठेवलंयस, म्हणून सत्तावन्नाव्या वर्षी पोस्टात जाऊन पाकीट आणलं. खिडकीवरची बाई बोलली, "काका, कुरिअर करा ना." आता तिला काय सांगू, की सख्खा भाऊ विठ्ठलवाडीला राहतो आणि मला त्याच्या दारात जायची सोय नाही!

बातमी ही की समृद्धीचं लग्न ठरलं. मुलगा दिपेश, डोंबिवलीचा. नोकरी चांगली, माणसं चांगली. पण एक खोड आहे, आणि त्या खोडीने माझ्या डोक्याची पार मंडई केली आहे. तो जुन्या गिटारी जमवतो. त्यातही आपल्या वागळे इस्टेटच्या कारखान्यातल्या निनाद गिटारी. कारखाना बंद होऊन पंचवीस वर्षं झाली, आणि हा पोरगा त्यांची कुंडली मांडत बसतो.

पहिल्यांदा घरी आला तेव्हा समोर पोहे ठेवलेले. ते थंड झाले. हा आपला भिंतीवरच्या माझ्या गिटारकडे बघतोय. "काका, ही निनाद-दोन की निनाद-तीन?"

मी बोललो, "दोन. माझी तीन होती, ती माझ्या भावाने नेली." रागावू नकोस, सवयीने तोंडातून गेलं.

"कशावरून दोन?" आता काय सांगू? मी बोललो, बटणांवरून. तर म्हणे बटणं दोन्हींना चारच. बरं, खुंट्या? खुंट्यांवर जाऊ नका काका, त्या आठवड्यात जो माल यायचा तो लावायचे. नाव? नाव डोक्यावर असतं, पण तुम्ही तर रंग मारलाय! जसा काही मी एकट्यानेच मारला. आपल्या बेंजो पार्टीत दोघं भाऊ जोडीने उभे राहणार, गिटारी सारख्याच लाल दिसल्या पाहिजेत, हे डोकं तुझं होतं. डेपोमागच्या उत्तम रिक्षा पेंटरने नावावरूनसुद्धा फवारा मारला, आणि आपण दोघं शहाणे समोर उभे राहून चहा पीत होतो.

मग जावईबापूंनी बॅगेतून स्टीलची पट्टी काढली. मुलगी बघायला येणारा माणूस बॅगेत पट्टी घेऊन येतो, सांग मला! म्हणे तीनच्या दांडीत लोखंडी सळई असते, दोनच्या नसते, म्हणून दोनची दांडी वर्षांनी वाकते. पट्टी ठेवली. दांडी सरळ. मी बोललो, आमच्याकडे हवा कोरडी आहे. खोपटात, दादा! कलावतीने कपाळाला हात लावला.

चौतीस वर्षं मी प्रत्येक हळदीत सांगत आलो की माझी दांडी वाकलीय, म्हणून सूर लागत नाही. दांडी सरळ होती. बेसूर मीच वाजवायचो.

मग त्याने चार स्क्रू काढून दांडी वेगळी केली. बुडाशी कारागिराच्या पेन्सिलीने लिहिलेलं: नि-३, मार्च ८८. म्हणजे माझी माझ्याकडेच होती. एक्याण्णवच्या दसऱ्याला आईने दोन्ही गिटारी पाटावर मांडून हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले, आणि सकाळी तू तुझी उचललीस, मी माझी. लग्नसराईच्या पहिल्याच रविवारी बाळकुमला नाथाकाकांच्या तुळसाच्या हळदीत माझा सूर गेला, लोक हसले, आणि मी माइकवर बोललो की पूजेतून दादाने माझी गिटार चोरली. तू एवढंच बोललास, "उघडून बघ." वायर काढलीस आणि मांडवाबाहेर गेलास. परत कुठल्याच हळदीत वाजवायला उभा राहिला नाहीस.

असो. गैरसमज होता, माणसाकडून होतो. आता मोठ्या मनाने सगळं विसरून लग्नाला ये.

इथे मी सही करून पाकीट चिकटवणार होतो. समृद्धीने हातातून पत्र घेतलं, वाचलं, आणि बोलली, "पप्पा, कागदाचं लिहा." पोरगी आईवर गेलीय, आपल्या आईवर.

तर कागद. दांडी निघाली तेव्हा तिच्याखालून पेपरची एक घडी पडली. दांडी हलू नये म्हणून ठेवतात तशी. दिपेशने उलगडली. वर तारीख होती, ९ जून २०१३. तो बिचारा सरळ मनाने बोलला, "काका, ही आधी कोणीतरी उघडलीय." मग समृद्धीने विचारलं, "पप्पा, २०१३ला आजी होती ना?"

होती. आणखी दोन वर्षं होती.

ती घडी मी ठेवलेली, दादा. खरखर येत होती म्हणून उघडली आणि पेन्सिलीचं ते अक्षर वाचलं. स्क्रू परत लावले आणि गप्प बसलो. तोवर अख्ख्या बाळकुमला तू चोर म्हणून माहीत होतास, आता कुठल्या तोंडाने सांगणार, असं वाटलं. आई शेवटी शेवटी सारखी म्हणायची, "त्यानी नेली आसल तं नेऊ दे, भाव हाय तुजा." मी तिच्या उशाशी बसून मान हलवायचो. ती तुला माफ करून गेली, दादा, आणि तू तर काही केलंच नव्हतंस. मला माझीच लाज वाटते.

हळद बारा डिसेंबरला, बाळकुमलाच. तुळसा सांगते, तुझी गिटार अजून माळ्यावर आहे. वाकली असेल तर वाकलेली आण. वाजवायचं नसेल तर नको वाजवूस, पण येऊन पुढे बस. माइक आधी मी घेणार आहे. मांडवात आईचा फोटो लावतोय. तू समोर नसलास तर मी परत काहीतरी कारण काढून गप्प बसेन, मी मला चांगला ओळखतो.

वहिनींना नमस्कार.

बारा वर्षांपूर्वीच उघडून बघितलेला,
तुझा प्रफुल्ल